जुन्या पिकअपचा दम

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीकडून कोल्हापूरला येणाऱ्या पिकअपच्या हौद्यात आंब्याच्या पेट्या असतात. हंगाम सरतो, जून-जुलैची मासेमारीबंदी उठते आणि त्याच हौद्यात मिरकरवाडा बंदरावरची मासळी बर्फात घालून येऊ लागते. दोन्ही माल नाशवंत. आंबा हौद्यात तापतो, बर्फ वितळतो आणि शाहू मार्केट यार्डातला सौदा कुणाच्या गाडीसाठी खोळंबत नाही. साखरपा मागे पडलं की आंबा घाट लागतो. सपाटीवर नव्या गाडीच्या बरोबरीनं धावणारी दहा-बारा वर्षांची पिकअप इथं मागे पडते. तिसऱ्याचा दुसरा गिअर होतो, एखाद्या वळणावर पहिलाही टाकावा लागतो. मागे काळा धूर, पुढे तापत चाललेला काटा आणि मालकाच्या डोक्यात एकच विचार: या इंजिनाचं काहीतरी करून घेतलं पाहिजे.

हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय, ते कोणत्या क्रमानं करायचं आणि त्यासाठी किती पैसा घालायचा, हा या लेखाचा विषय आहे. नवी गाडी घ्यायची तर पाच-पाच वर्षांचे हप्ते मागे लागतात. ज्याचं घर एका पिकअपवर चालतं, त्याला जुनीच गाडी नीट ओढायला लावणं हा बहुतेक वेळा एकमेव मार्ग असतो. म्हणून त्याच्या मोजक्या पैशातला एकही रुपया चुकीच्या जागी जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. गॅरेजांमधून, पंपवाल्यांकडून आणि ही गाडी रोज घाटात चालवणाऱ्यांकडून जे ऐकलं आणि पाहिलं, त्यातून एक गोष्ट पक्की झाली. जुन्या पिकअपला जी ताकद हवी असते, ती बहुतेक तिचीच असते. वर्षानुवर्षं थोडी थोडी गळून गेलेली. ती परत मिळवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ काम आहे.

घाटाचं गणित

आपल्या रस्त्यांवर जुन्या पिकअप मुख्यतः दोन घराण्यांच्या. एक महिंद्राची बोलेरो पिकअप, २५२३ सीसीच्या डीआय इंजिनाची. दुसरी टाटाची २०७ डीआय, २९५६ सीसीची. टाटाच्या त्या इंजिनाला ‘४९७’ म्हणतात, कारण त्यात चार सिलिंडर असतात आणि प्रत्येकाचा बोअर ९७ मिलिमीटरचा. दोन्ही इंजिनं साठ ते सत्तर हॉर्सपॉवरच्या घरातली. आजच्या गाड्यांच्या मानानं हा आकडा लहान वाटतो, पण ही इंजिनं वेगासाठी बांधलेलीच नाहीत. कमी फेऱ्यांवर ओढणं हे त्यांचं काम.

आता घाटात काय होतं ते आकड्यांत पाहू. पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जाणारा चढ धरू. गाडी आणि माल मिळून तीन टन. हा चढ ताशी ४० किलोमीटरनं चढायला चाकांवर सुमारे ३६ हॉर्सपॉवर लागतात. इंजिन ६३ हॉर्सपॉवरचं असलं तरी तेवढी ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये दहा-पंधरा टक्के जातात. उन्हाळ्यातल्या तापलेल्या आणि उंचीवरच्या विरळ हवेत आणखी दहाएक टक्के जातात. तरी सशक्त इंजिनाकडे चाकांवर ४८च्या आसपास उरतात, म्हणजे गिअर जमला तर गाडी त्या चढावर पन्नाशीही गाठू शकते.

इंजिनानं झिजेपायी आणि हेळसांडीपायी आपल्या ताकदीचा पाचवा हिस्सा गमावला आहे असं समजा. चाकांवर ३८ उरले. वेग चाळिशीच्या जरा वर. आता हौद्यात एक टन जास्त भरा. गाडी चार टनांची झाली आणि वेग तिशीला आला. ताकद तेवढीच असेल तर वजन आणि वेग यांचा गुणाकार जवळपास कायम राहतो: तीन टन चाळीसनं किंवा चार टन तीसनं.

या गणितात मालकाच्या उपयोगाच्या दोन गोष्टी दडलेल्या आहेत. तो जादा टन काढला तर वेग जितका वाढतो, तितका इंजिनाची सगळी गळती भरून काढूनही वाढत नाही. आणि ही गळती भरून निघते तेव्हा जो फरक पडतो, तो बाजारातल्या कुठल्याही जादूच्या डबीपेक्षा मोठा आणि भरवशाचा असतो. वजनाचा प्रश्न कायद्याचाही आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आणि शिवाय जादा माल तिथंच उतरवून घेतला जातो. एका दंडाच्या रकमेत जुन्या इंजिनाची बरीच कामं होतात.

आधी वही, मग पाना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिरलं की काही गल्ल्यांमध्ये लेथचा आवाज थांबत नाही. इथं क्रँक घासून मिळतो, ब्लॉक बोअर होतो, हेडचा पृष्ठभाग सपाट करून मिळतो, रेडिएटर उघडून साफ होतो. शेतीच्या विहिरींवर चालणारी ऑइल इंजिनं बांधता बांधता या शहरानं इंजिनाचं काम अंगवळणी पाडून घेतलं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या त्याच परंपरेतल्या. सांगलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गाड्या इथं येतात त्या या हातांच्या विश्वासावर.

गाडी दारात उभी राहिली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “वडत न्हाई मिस्त्री. दम गेला बघा हिचा.” चांगला मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. तो विचारतो: कधीपासून? हळूहळू की अचानक? धूर कुठल्या रंगाचा? तेल किती पितीय? अ‍ॅव्हरेज किती होतं, आता किती देतीय? या प्रश्नांची उत्तरं बहुतेक मालकांकडे अंदाजानं असतात आणि अंदाजावर केलेला खर्चही अंदाजानंच लागू पडतो.

म्हणून योजनेची पहिली पायरी म्हणजे दहा रुपयांची वही. रोजच्या रस्त्यावरचा एखादा ठरावीक चढ निवडा. नेहमीएवढाच माल असताना खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत किती मिनिटं लागली, कोणता गिअर राहिला, तापमानाचा काटा कुठं गेला ते लिहून ठेवा. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचं अ‍ॅव्हरेज लिहा. पीयूसीच्या कागदावर धुराचा आकडा छापलेला असतो. तो बहुतेक जण पाहतच नाहीत, तोही उतरवून घ्या. बीएस-४ या प्रदूषण-निकषाच्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज युनिटची आणि बीएस-४ गाड्यांना ५०ची मर्यादा आहे. आकडा दर खेपेला वर सरकत असेल, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय आणि त्यातच तुमचा पैसा आणि ताकद दोन्ही जातायत. प्रत्येक कामानंतर हीच मोजणी पुन्हा केली की कोणत्या खर्चाचा उपयोग झाला हे कुणाला विचारावं लागत नाही.

इंजिनाची तब्येत

दुसरी पायरी स्वस्तातली आहे, पण तीच सगळ्यात जास्त पैसा वाचवते. इंजिन गरम असताना, चालू ठेवून, तेल भरायचं झाकण सैल करून पाहायचं. तिथून धुराचा जोरदार झोत येत असेल, ब्रेदर फुंकत असेल, तर जळलेला वायू पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतोय. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारतंय. त्यानंतर कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजून घ्यायचे. चौघांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल किंवा चौघंही कंपनीनं दिलेल्या किमान आकड्याखाली असतील, तर निर्णय तिथंच होतो.

हा निर्णय महत्त्वाचा का, ते डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोलसारखी ठिणगी इथं नसते. हवा इतकी दाबायची की ती लालभडक तापावी आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं, एवढाच या यंत्राचा आधार. दाब गळाला की हवा पुरेशी तापत नाही, डिझेल उशिरा पेटतं आणि ताकद जाते. अशा इंजिनावर नवे नोजल, बांधलेला पंप, नवा टर्बो काहीही चढवलं तरी महिनाभरात गाडी पुन्हा मूळ जागी येते. धूर पांढरा आणि सकाळी जास्त असेल तर कॉम्प्रेशन किंवा टायमिंगकडे बघायचं. निळसर असेल तर तेल जळतंय. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. पहिल्या दोन रंगांवर इंजिन उघडावं लागण्याची शक्यता मोठी. तिसऱ्यावर बहुतेकदा बाहेरूनच उपाय होतो.

कॉम्प्रेशन गेलं असेल तर बाकी सगळे खर्च थांबवून ‘हाफ इंजिन’साठी पैसे साठवावेत. त्यात हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवले जातात, पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगं बदलली जातात. ब्लॉकच झिजला असेल तर बोअर किंवा लायनर आणि क्रँकचं घासकाम, म्हणजे ‘फुल इंजिन’. दोन्ही खर्च पाच आकड्यांत जातात. म्हणूनच ते इतर किरकोळ प्रयोगांत पैसे घालवल्यानंतर नव्हे, त्याआधी कळायला हवेत. कॉम्प्रेशन चांगलं निघालं, तर मात्र मालक सुदैवी आहे. पुढची बहुतेक कामं शेकड्यांत आणि हजारांत होतात.

हवा: सगळ्यात स्वस्त ताकद

डिझेल जाळायला हवा लागते आणि जुन्या गाडीत पहिली वाण हवेचीच असते. एअर फिल्टर झटकून झटकून पुन्हा बसवला जातो. कागदाची जाळी कॉम्प्रेसरच्या जोराच्या हवेनं फाटली, की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा खाते. वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा खाणीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी बदलावा लागतो. हा खर्च काही शे रुपयांचा.

फिल्टरला हवा कुठून मिळते, तेही बघायचं. मूळ गाडीत हवेचा पाइप थंड जागेकडे तोंड करून असतो. दुरुस्तीत तो निखळतो, कुणी परत बसवत नाही आणि इंजिन रेडिएटरमागची तापलेली हवा ओढू लागतं. २५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की ती सहा टक्के विरळ होते. तेवढा प्राणवायू कमी, तेवढं डिझेल न जळता धूर होणार. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. तेवढ्या चढाईत हवा आणखी पाचेक टक्के विरळ होते. बंदरावर ठीक वाटणारी गाडी वर आल्यावर काळा मारते, त्यामागचं हे एक कारण. उंची आपल्या हातात नाही. निखळलेला पाइप हातात आहे.

टर्बोच्या गाडीत पुढचा संशयित म्हणजे रबरी होस. टर्बोपासून इंटरकूलर आणि इंजिनापर्यंत दाबलेली हवा नेणारे हे होस तेलानं फुगतात, क्लॅम्पखाली चिरतात. चीर उभ्या गाडीत दिसत नाही, दाब आला की उघडते. हलकी हवा भरून साबणाचं पाणी लावलं की फुगे येतात आणि गळती सापडते. होस आणि चांगले क्लॅम्प बदलणं हे टर्बो बदलण्याच्या मानानं किरकोळ काम आहे. तरी ‘टर्बो गेला’ असं ऐकून अनेक मालक थेट नव्या टर्बोचे पैसे मोजतात. टर्बोचा दांडा हातानं हलवून पाहावा. तो हाउसिंगला घासत असेल किंवा मागून तेल येत असेल तरच टर्बो गेला.

आत गेलेली हवा बाहेरही पडावी लागते. चेपलेला सायलेन्सर, आतल्या जाळ्या तुटून अडकलेला मफलर यांनी इंजिनाचा श्वास कोंडतो. इथं चेपलेला पाइप बदलायचा एवढंच. सायलेन्सर काढून आवाज मोठा करणं म्हणजे ताकद वाढवणं नव्हे. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला १०,००० रुपयांपर्यंतचा दंड, तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही असल्यानं ते परवडणारंही नाही.

याच टप्प्यावर टॅपेट सेटिंग करून घ्यावं. थंड इंजिनावर, फीलर गेजनं, कंपनीच्या आकड्याप्रमाणे. फट जास्त असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. कमी असेल तर पुरता मिटत नाही आणि जळतो. मिस्त्रीच्या काही तासांच्या मजुरीत होणारं हे काम वर्षानुवर्षं राहून गेलेलं असतं.

पंप आणि नोजल

पंपाची खोली गॅरेजपेक्षा वेगळी असते. दार लावलेलं, धूळ कमी, मधोमध टेस्ट बेंच. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांचा सगळा जीव इथं. नोजल टेस्टरवर हाताचा दांडा दाबला की फवारा दिसतो. चांगल्या नोजलचा फवारा धुक्यासारखा बारीक आणि सगळ्या छिद्रांतून सारखा येतो. खराब नोजल थेंब टाकतं किंवा एकाच बाजूला धार मारतं. तो थेंब पुरता जळत नाही, काळा धूर होतो आणि कधी कधी पिस्टनच्या डोक्याला भोक पाडतो.

एका पंपवाल्यांनी बेंचवरची चार काचेची नळकांडी दाखवली. पंप फिरत होता आणि चौघांत डिझेल जमत होतं. “ही चार सारखी भरली पायजेत. मालक म्हणतो डिझेल वाढवा. पण आधी चौघांना सारखं तर मिळू दे.” कॅलिब्रेशनचा अर्थ इतका साधा आहे. एका सिलिंडरला जास्त आणि दुसऱ्याला कमी मिळत असेल, तर इंजिन थरथरतं, धूर करतं आणि एकूण ताकद सगळ्यात उपाशी सिलिंडरापाशी अडकते.

बीएस-४ नंतरच्या बहुतेक गाड्या कॉमन रेलच्या. मुंबई, पुणे, सोलापूर धरून काही शहरांत हे निकष २०१०मध्ये आले, देशभर एप्रिल २०१७मध्ये. इथं दाब हजार बारच्या पुढे जातो आणि इंजेक्टरची छिद्रं मिलिमीटरच्या जेमतेम दशांशाएवढी असतात. डिझेलमधलं पाणी आणि कचरा हा यांचा वैरी. म्हणून चांगला डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं आणि त्याच्या तळातलं पाणी नियमानं सोडणं, ही कॉमन रेल गाडीची सगळ्यात किफायतशीर काळजी. यांची तपासणीही स्वस्तात होते. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार लहान बाटल्यांत सोडून इंजिन चालवायचं. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते, तो इंजेक्टर झिजला. एकामुळे चारही बदलायची गरज नसते.

ताप

घाटात ताकद टिकते ती थंडाव्यावर. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी रेडिएटरात घातलं की नळ्यांत चुन्याचा थर चढतो. वरून धार मारून तो निघत नाही. टाक्या उघडून सळई फिरवावी लागते, त्याला रॉडिंग म्हणतात. त्यानंतर योग्य प्रमाणातलं कूलंट घातलं, फॅनचा क्लच तपासला, बेल्टचा ताण बघितला, की काटा घाटातही मध्यावर राहतो.

आपल्याकडे एक सवय फार पसरली आहे: गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा. तापण्याचं खरं कारण तुंबलेला रेडिएटर असतं आणि शिक्षा थर्मोस्टॅटला होते. तो काढल्यावर इंजिन सपाटीवर आणि थंडीत कधीच पुरेसं गरम होत नाही. थंड सिलिंडरात डिझेल अर्धवट जळतं, तेल पातळ होतं, झीज वाढते, अ‍ॅव्हरेज पडतं. काही शे रुपयांचा नवा थर्मोस्टॅट बसवणं ही जुन्या पिकअपची एक उत्तम ‘अपग्रेड’ आहे आणि ती सुचवणारा मिस्त्री जपून ठेवावा.

इंजिनाबाहेर हरवलेली ताकद

कितीतरी गाड्यांमध्ये इंजिन निर्दोष असतं आणि ताकद वाटेत खर्च होते. ब्रेकचे लाइनर ड्रमला घासत राहतात. फेरी संपल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ते गाडीला मागे ओढत होतं. जॅकवर चढवून चाक हातानं फिरवलं की खात्री होते. टायरात हवा कमी, अलाइनमेंट बिघडलेलं, मागचे कमानपाटे बसलेले, या सगळ्यांचा भार इंजिनावरच.

टायरच्या मापाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. गाडी उंच आणि रुबाबदार दिसावी म्हणून मोठे टायर चढवले जातात. टायरचा व्यास पाच टक्के वाढला, की प्रत्येक गिअरमधली ओढ तेवढीच घटते. घाटात दम हवा असलेल्या मालकानं कंपनीच्या मापाचे टायर परत बसवले, तर इंजिनाला हात न लावता त्याला ती ओढ परत मिळते.

क्लचही असाच. चौथ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरत नसेल, तर प्लेट घसरतेय. त्या प्लेटवर इंजिनाची वाढलेली ताकद टाकणं म्हणजे प्लेट जाळणं.

स्क्रू आणि डबी

आता मोहाच्या गोष्टी. यांत्रिक पंपाच्या गाडीत एक स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं. पहिल्या चढावर गाडी खरंच जोरात उठते आणि मालक खूश होतो. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणून एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. लांब घाटात, पाय दाबलेला ठेवून पंधरा-वीस मिनिटं ओढणाऱ्या गाडीत हीच वेळ धोक्याची. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. ज्वलनाचा ताप त्याच्या कितीतरी वर जातो. पिस्टन वाचतो तो तेल आणि पाणी उष्णता वाहून नेतात म्हणून. ती मर्यादा ओलांडली की आधी कडा खचतात, मग रिंगा अडकतात, मग हेडला तडा जातो. पंप बेंचवर लावून कंपनीनं ठरवलेल्या मापापर्यंत डिझेल आणणं ही दुरुस्ती आहे. रस्त्याच्या कडेला अंदाजानं स्क्रू मारणं हा जुगार आहे.

कॉमन रेलच्या गाडीत स्क्रूची जागा डबी घेते. ती सेन्सरचा आकडा बदलून कॉम्प्युटरला फसवते आणि जास्त डिझेल फवारायला लावते. हिशोब तोच. नव्या, कमी चाललेल्या इंजिनात ती काही काळ खपून जाते. लाखो किलोमीटर झालेल्या इंजिनात क्लच, टर्बो आणि हेड गॅस्केट तिघांची परीक्षा एकदम होते. ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा, बंद करणं, टर्बो नसलेल्या इंजिनावर टर्बो चढवणं, दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवणं या गोष्टी तर कायद्याच्या थेट आड येतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांत परवानगीशिवाय बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. बेकायदा बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, म्हणजे हा बदल दरवर्षी तपासनिसासमोर उभा राहणार. अपघात झाला आणि विमा कंपनीनं याच बदलावर बोट ठेवलं, तर नुकसानीचा बोजा एकट्या मालकावर येतो.

आणखी एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. चढलेली गाडी उतरते. ताकद वाढवण्याआधी ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगचे सांधे नीट केले नसतील, तर वाढलेला वेग उतारावर उलटतो. घाट उतरताना कमी गिअर ठेवून इंजिनाच्याच अडवणुकीवर वेग धरणं हे जुने चालक शिकवतात, ते आजही तितकंच खरं आहे. पैसे कमी असतील तर इंजिनाचं काम पुढच्या महिन्यावर ढकलता येतं. ब्रेकचं ढकलता येत नाही.

पैशाची मांडणी

हे सगळं एकदम करायची गरज नाही. बहुतेक मालकांकडे एकदम पैसेही नसतात. चार हप्त्यांत विभागणी होते.

पहिला हप्ता काही शेंचा ते दोन-चार हजारांचा: वही, कॉम्प्रेशन तपासणी, दोन्ही फिल्टर, होस आणि क्लॅम्प, टॅपेट, ब्रेकची घासण, टायरची हवा आणि अलाइनमेंट. यानंतर पुन्हा तोच चढ, तीच मोजणी. अनेक गाड्यांचं दुखणं इथंच सुटतं आणि मालकानं पुढे जायचं कारण उरत नाही.

दुसरा हप्ता हजारांतला: रेडिएटर, थर्मोस्टॅट, नोजल तपासून गरजेप्रमाणे बदल, टायमिंग आणि पंपाचं कॅलिब्रेशन. हे काम मालाचा मोसम संपल्यावर ठेवावं. आंब्याच्या हंगामात गाडी चार दिवस उभी राहिली, तर बुडालेलं भाडं दुरुस्तीच्या बिलापेक्षा मोठं होतं. कोकणातल्या गाड्यांसाठी जून-जुलै हा त्याचा योग्य काळ.

तिसरा हप्ता पाच आकड्यांतला, आणि तो फक्त तपासणीनं मागितला तरच: टर्बो, क्लच, हेड, हाफ इंजिन. सुट्या भागांत स्वस्त नकलेचा मोह टाळावा. पॅकिंग ओळखीचं वाटतं आणि आतलं बेअरिंग सहा महिन्यांत जातं. बिल मागून घ्यावं, जुना भाग परत मागून घ्यावा आणि इंजिन उघडलं असेल तर पहिले हजार-दीड हजार किलोमीटर हलक्या मालावर चालवावं.

चौथा हप्ता थांबण्याचा आहे. हाफ इंजिनाचा खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याला भिडत असेल, चेसिस गंजली असेल, फिटनेसच्या वेळी दरवर्षी नवं काही निघत असेल, तर तो पैसा दुसऱ्या गाडीच्या पहिल्या हप्त्यासाठी ठेवणं शहाणपणाचं. हा निर्णय वहीतले आकडे सांगतात, म्हणून ती वही पहिल्या दिवसापासून हवी.

या कामात मिस्त्रीची निवड हीसुद्धा योजनेचाच भाग आहे. जो गाडी ऐकतो, तपासतो, जुना भाग हातात देऊन तो का बदलला ते सांगतो, त्याला त्याची मजुरी खळखळ न करता द्यावी. उद्यमनगरासारख्या ठिकाणी असे हात अजून आहेत. त्यांच्या तपासणीला पैसे द्यायची सवय मालकांना लागली, तर सुटे भाग विकूनच पोट भरावं लागण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही आणि मालकाचाही त्यात फायदाच आहे.

दम वाढवायला निघालेल्या मालकानं पहिला रुपया तपासणीवर घालावा, दुसरा ब्रेकवर, तिसरा गळून गेलेली ताकद परत मिळवण्यावर. एवढं करूनही घाट जड जात असेल, तर चौथा रुपया इंजिनात घालू नये. तो डिझेलला ठेवावा, माल वाटून घ्यावा आणि एक फेरी जास्त करावी. तीन टनांची सशक्त गाडी दोनदा घाट चढून जेवढं कमावते, तेवढं ओझ्यानं वाकलेली गाडी एका फेरीत फार दिवस कमावू शकत नाही.